तोआकासे आत्याची ती दुपार

तोआकासे आत्या कुणाच्याही घरी गेली की बाहेर उभी राहून हाक मारायची नाही. सरळ आत शिरायची. आमच्या गावात रीत अशी की बाहेरून खाकरायचं, नाव घ्यायचं, आतून "या" आलं की वाकून आत जायचं. आत्या ते काही पाळत नसे. कुणी ओल्या अंगाने कपडे बदलत असो, नाहीतर नवराबायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं असो, आत्या आत.

"अगं बाई, हाक तरी मारत जा!" बायका ओरडायच्या.

"हाक मारून काय होतं? आतून माणूस काहीही सांगतं," ती म्हणायची, आणि भिंतीशी बसून घ्यायची.

शेजारचे सेमीसी काका देवळात पुढे बसणारे, पण जीभ तिखट. ते म्हणायचे, "या बाईपरीस वादळ बरं. ते यायच्या आधी दोन दिवस ढग तरी दिसतात."

मी तिच्या भावाची मुलगी. आमच्याकडे बापाची बहीण म्हणजे घरातलं मानाने सगळ्यात उंच माणूस. लग्न असो की मयत, तिचं आसन सगळ्यांच्या वर. चांगल्या चटया कुणाला, झाडाच्या सालीचं कापड कुणाला, ते तिने सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. माझ्या लग्नात ते आसन मोकळं राहिलं. आत्या मागच्या अंगाला, धुरात, रांधणाऱ्या बायकांमध्ये बसून अळूच्या पानांच्या पुड्या बांधत होती. माझ्या सासरच्यांना वाटलं, आम्हीच तिला डावललं. मी रडकुंडीला येऊन बोलवायला गेले, तर म्हणाली, "मला इथं बरं आहे. तू जा, लग्नाची नवी चटई नेसलीयस, काजळी लागेल."

हे असं का, ते मला थोडं आत्याने सांगितलं आणि बरंचसं आईने. दोघींचं जुळवून मी लिहिते आहे.

मी जन्मले त्या साली, म्हणजे एकोणीसशे अठराच्या नोव्हेंबरात, दक्षिण समुद्रातल्या आमच्या लिफुका बेटावर खोबरं न्यायला बोट आली. येताना तिने पीठ, साखर आणि मानमोडीचा ताप आणला. धक्क्यावर गेलेल्या पुरुषांनी बोटीवरच्या ओळखीच्यांना नेहमीसारखं जवळ घेतलं, गालाला नाक लावलं, खुशाली विचारली. बोटीवरची माणसं खोकत होती. समुद्रावर खोकला होतोच, असं म्हणून सगळे घरी आले.

चार दिवसांनी गावात पहिला माणूस पडला. आजाऱ्याच्या भोवती बसायचं, ही आमची माया. एक आजारी पडला की वीस माणसं त्याच्या घरात मांडी घालून भजनं म्हणणार, पाय चेपणार, त्याच्याच भांड्यातून त्याला पाणी पाजणार. तशी ती बसली. पुढच्या आठवड्यात त्या विसांपैकी कुणाच्याच भोवती बसायला कुणी उरलं नाही. देवळाचा लाकडी नगारा वाजेनासा झाला, कारण वाजवणाराच आडवा होता.

आमच्या घरात आजी, आजोबा, तोआकासे आत्या आणि माझे वडील फिलीमोने. आत्या सत्तावीस वर्षांची, लग्न न झालेली. वडील तिच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यांनी मोठ्या घराच्या मागे स्वतःची नवी खोपी बांधली होती, नारळाच्या झावळ्यांच्या भिंतींची, आणि वर्षापूर्वी लग्न करून माझ्या आईला तिथे आणलं होतं. आई, लेसिएली तिचं नाव, तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली. माहेर पलीकडच्या हाआनो बेटावर. वारा नीट असला तर होडीने अर्ध्या दिवसाचीही वाट नाही. पण त्या दिवसांत वल्ही मारायला धड हात कुणाचे होते? खोपीत वडील एकटेच झोपत.

आत्या सगळ्यात आधी पडली आणि तीन दिवसांत उठलीही. असं एखादंच होत होतं. मग आजोबा पडले आणि पाचव्या दिवशी गेले. वडिलांनी आणि सेमीसी काकांनी खड्डा खणला. त्याच्याआधीही त्यांनी गावातल्या नऊ-दहा जणांचे खड्डे खणले होते. आजोबांवर वाळू लोटली त्या संध्याकाळी वडील खोपीत शिरले ते थरथरतच. इकडे आजीलाही ताप भरला होता.

आता आत्यापुढे दोन आजारी, एक मोठ्या घरात आणि एक खोपीत. आजीपाशी ती बसू शकत होती. खोपीत जाऊ शकत नव्हती.

आमच्याकडे भावाला मिसरूड फुटली की भाऊ-बहीण एका छपराखाली झोपत नाहीत. ती असेल तिथे तो वावगा शब्द बोलत नाही. तो झोपतो तिथे ती पाऊल ठेवत नाही, त्याच्या अंथरुणाला हात लावत नाही. परक्याला हा दुरावा वाटेल. आमचं सगळं प्रेम यातच असतं. वडील समुद्रावरून आले की पहिला मासा बहिणीच्या दाराशी ठेवायचे आणि खाली मान घालून निघून जायचे. ती तो मासा भाजून सगळ्यांना वाढायची. दोघं यावर कधी अवाक्षर बोलली नसतील. बहिणीने भावाच्या अंथरुणाशी जायचं म्हणजे त्याला चारचौघांत उघडं करण्यासारखं. त्या लाजेने भाऊ मरेल, असं आमच्याकडे बोलण्याची पद्धत आहे.

आत्याने पिकल्या केळ्यांची नारळाच्या दुधात पेज केली. करवंटीत ओतली, वर केळीचं पान झाकलं आणि खोपीच्या दाराशी ठेवून मागे सरली.

"फिली, पेज ठेवलीय रे."

"हो ताई. घेतो."

"ताप कसा आहे?"

"आहे थोडा. तू आईकडे बघ."

तासाभराने ती आली, तर करवंटी रिकामी. अगदी चाटूनपुसून स्वच्छ. तिला बरं वाटलं. आजीला येऊन म्हणाली, "तोंडाला चव आहे त्याच्या. पोरगं वाचतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ तेच. ती दाराशी पेज ठेवी, एक शहाळं फोडून ठेवी. आतून आवाज येई, "घेतो, ताई." नंतर येऊन बघावं, तर करवंटी रिकामी. शहाळं मात्र कलंडलेलं असायचं. आत्याला वाटलं, पडल्या पडल्या घेतो म्हणून सांडत असेल.

"शहाळं सांडतोस होय रे?"

"हात जरा... पण प्यायलो, ताई."

तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज बारीक आला. आत्या म्हणाली, "फिली, सेमीसी काकांना पाठवू का आत? अंग पुसून देतील."

"काका कुठं उठताहेत? खड्ड्यापाशीच थरथरत होते ते. राहू दे. मी खातोय ना?"

"खातोयस खरा," आत्या म्हणाली. करवंटी तर रिकामी होत होतीच.

त्याच दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला, तिने पुन्हा पेज नेली. दाराशी ठेवून हाक मारली, "घेतो" ऐकलं आणि वळली. मोठ्या घरापाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, आज शहाळं ठेवायचं राहिलं. ते घेऊन ती परत फिरली.

दाराशी डुकरीण उभी होती. आमचीच, काळी, कानाचा तुकडा गेलेली. पान बाजूला उडालेलं आणि डुकरिणीचं तोंड करवंटीत. सावकाश, कुणाची भीती नसल्यासारखी ती पेज खात होती.

आत्याने शहाळं खाली ठेवलं. मग तिने हाक मारली. का मारली, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही.

"फिली, पेज खाल्लीस का?"

डुकरीण अजून चाटत होती.

"खाल्ली, ताई," आतून आवाज आला. "आज गोड झालीय."

आत्याने मला हे सांगितलं तेव्हा ती अळूच्या कंदांची सालं काढत होती. एवढं सांगून तिने सुरी खाली ठेवली आणि उठून गेली. पुढचं मला आईकडून कळलं.

तीन दिवस वडिलांच्या पोटात काही गेलं नव्हतं. दारापर्यंत, पाच हात, त्यांना सरकता येत नव्हतं. "येत नाही" म्हटलं असतं तर बहिणीला आत यावं लागलं असतं, आणि त्यांना तिला त्या अडचणीत टाकायचं नव्हतं. म्हणून ते खाल्लं म्हणत होते.

आत्या तेव्हाच आत गेली असती तर मला इथे काही लिहायचं उरलं नसतं. तो उपाशी आहे हे तिला कळलं होतं. पण मोठी झाल्यापासून जे पाऊल टाकलं नाही ते टाकवेना. ती धावत आजीकडे गेली.

"आई, तो काही खात नाहीये. डुकरीण खातेय. मी आत जाऊ का?"

आजी तापात होती, पण शुद्धीत होती. ती म्हणाली, "भावाच्या खोपीत? अगं, वेडी की काय! पुरुष बघ कुणीतरी. पळ."

आत्या पळाली. सेमीसी काकांच्या घरात शिरली तर काका भिंतीला टेकून बसलेले, ओठ काळेनिळे.

"काका, उठा. फिलीपाशी चला."

"पोरी, मी अजून मेलो नाही इतकंच. रांगेत उभा आहे," काका म्हणाले. उठायला गेले आणि कुशीवर पडले. तिने त्यांना दोन वेळा उभं केलं. दोन्ही वेळा ते तिच्या अंगावरच कोसळले. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "मला इथंच सोड. दुसरं कुणी बघ."

दुसऱ्या घरी दोन भाऊ राहत. तिने बाहेरून हाक मारली, मारत राहिली. आत कुणी नव्हतंच उत्तर द्यायला, म्हणजे होते, पण मेलेले. तिसरं घर गावाच्या टोकाला, धर्मोपदेशकाचं. ते स्वतः दुसऱ्या गावी माणसं पुरायला गेलेले. त्यांची बायको दारात बसून खोकत होती. तिने विचारलं, "तुझ्या घरात कुणीच नाही का?"

"मी आहे," आत्या म्हणाली.

"मग तू इथं काय करतेयस?"

आत्या परत निघाली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. सगळी दुपार गेली होती.

खोपीच्या दाराशी आल्यावर तिने हाक मारली नाही. वाकली आणि आत गेली.

माझे वडील चटईवर होते, ती घाण झालेली होती, आणि त्यांनी बहिणीला बघितल्याबरोबर तोंड भिंतीकडे फिरवलं. "ताई, बाहेर," एवढंच म्हणाले. आत्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. लहानपणी, पाच-सहा वर्षांचे असताना घेतलं असेल, त्यानंतर आत्ता. शहाळ्याचं पाणी तिने बोटाने ओठात घातलं. चार घोट गेले, पाचवा बाहेर आला. तिने चटई काढून टाकली, त्यांना पुसलं, स्वतःच्या अंगावरचं सालीचं कापड त्यांना पांघरलं. ते डोळे मिटून राहिले, उघडायची त्यांना लाज वाटत होती.

ती रात्रभर तिथेच बसली. सकाळी त्यांना जरा हुशारी आली. ती पेज घेऊन आली तर दोन घोट त्यांनी गिळलेही.

"ताई, लेसिएलीला सांग, मी जेवत होतो," ते म्हणाले.

"तूच सांग."

"सांगशील ना? नीट जेवत होतो म्हणून."

ऊन चढायच्या आत ते गेले. त्यांना शेवटी बहिणीची लाज वाटेनाशी झाली होती. तोंड तिच्याकडेच होतं.

त्यांना पुरायला सेमीसी काका दोन काठ्या टेकत आले आणि धर्मोपदेशक आले. खड्ड्याच्या कडेला बसून आत्या रिकाम्या करवंटीने वाळू उपसत होती. ते काम बहिणीचं नव्हे, पण तिला कुणी अडवलं नाही. मग तिने शिंपल्याने केस कापले, कानापर्यंत. आजोबांसाठी, म्हणजे बापासाठी, मुलीने केस कापायचे असतात, पण ते तिने सवडीअभावी राहू दिलं होतं. भावासाठी बहिणीने कापायचे नसतात. ती भावापेक्षा उंच असते, तिने उशाशी नीट बसायचं असतं. आत्याने कापले.

डिसेंबर अर्धा सरला तेव्हा हाआनोकडून पहिली होडी आली. तिच्यात माझी आई होती आणि फडक्यात गुंडाळलेली मी, तीन आठवड्यांची. तिकडेही माणसं मेली होती, पण आईला आमच्या घरचं काही कळलेलं नव्हतं. किनाऱ्यावर आत्या उभी होती, केस कापलेले, कमरेला सुतकाची फाटकी चटई.

आईने ते केस बघितले आणि तिने जे ओळखलं ते आमच्यातल्या कुणीही ओळखलं असतं. बाप गेला. बहीण भावासाठी केस कापत नाही, म्हणजे भाऊ आहे. ती गुडघाभर पाण्यात उतरली, मला होडीवाल्याच्या बायकोकडे देऊन आत्याच्या गळ्यात पडली.

"वन्सं, मामंजी गेले ना? फार हाल झाले का?"

"गेले. हाल झाले."

"आणि हे कुठे लपलेत? मुलगी झाली म्हणून रुसले की काय?" आईने झाडांकडे बघितलं. "या म्हणावं बाहेर. नाक अगदी त्यांचंच आहे, माझा काही दोष नाही."

आत्याने झाडांकडे बघितलंच नाही. आईचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"वन्सं?"

"तो पण गेला, लेसिएली."

आई पाण्यात बसली. लाट तिच्या छातीपर्यंत येत होती. होडीवाल्याने धरून तिला वाळूवर आणलं. मग ती म्हणाली, "शेवटी काही बोलले का?"

आत्यापुढे सोपी वाट होती. भावानेच ती आखून दिली होती. नीट जेवत होता, तुझं नाव घेत होता, गेला. कुणाला कधी कळलं नसतं. करवंट्या बघणारी ती एकटीच होती.

"तुला सांग म्हणाला, जेवत होता म्हणून," आत्या म्हणाली. "पण तो जेवत नव्हता. तीन दिवस मी दाराशी ठेवत होते आणि डुकरीण खात होती. मला वाटत होतं, तो खातोय. कळल्यावरही मी आत गेले नाही. पुरुष शोधत गावभर फिरले. एक दुपार. मग गेले."

"एक अख्खी दुपार?"

"हो."

"तू गेली असतीस तर वाचले असते?"

"मला माहीत नाही."

आईने मुठीत ओली वाळू घेतली आणि आत्याच्या तोंडावर मारली. आत्याने पुसली नाही. आई ओरडली, "ते म्हणाले होते ना, असं सांग म्हणून? मग तसंच का नाही सांगितलंस?"

"आतून खाल्लं खाल्लं म्हणत तो गेला," आत्या म्हणाली. "मला आणखी म्हणवेना गं."

आई त्याच होडीने परत गेली. मला आत्याने त्या दिवशी नीट पाहिलंही नाही. भावाच्या मुलाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. निरोप आला की नाव सांगा, तर आत्याने उलट कळवलं, लेसिएलीला आवडेल ते ठेवावं. आईने दीड वर्ष काहीच ठेवलं नाही. हाआनोला मला नुसतं "ही" म्हणत.

मग आजी थकली आणि एके दिवशी आई स्वतःहून, मला कडेवर घेऊन, गाठोडं घेऊन परत आली. का आली, तर म्हणायची, "तिथं सगळे मला सांगायचे, तुझा नवरा देवाच्या इच्छेने गेला. कसा गेला ते फक्त या एका घरात बोलता येत होतं." त्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आत्याने माझं नाव उच्चारलं. सालोमे. त्या नावाचं आमच्याकडे कुणी नव्हतं, कुणी मेलेलं नव्हतं, म्हणून ते तिने निवडलं असावं.

त्यानंतर दोघी बेचाळीस वर्षं एका घरात राहिल्या. भांडल्या खूप. मिठावरून, डुकरांवरून, माझ्यावरून. डुकरं पाळायची की नाही यावर तर दर वर्षी भांडण. त्या एका दुपारवरून मात्र भांडल्या नाहीत. आत्या रोज देवापुढे बसायची तेव्हा बाकीचे म्हणतात तशी सगळ्या पापांची क्षमा मागायची नाही. "त्या दुपारबद्दल," एवढंच म्हणायची आणि "आमेन" म्हणून उठायची. धर्मोपदेशकांनी एकदा तिला समजावलं, बाई, देवाने कधीच क्षमा केली आहे. ती म्हणाली, "केली असेल. मी आपली माझ्या बाजूने म्हणते."

आत्या गेल्यावर, चटया वाटून झाल्या, लोक घरोघरी गेले, तेव्हा मी आईला विचारलं, "आई, तू तिला माफ केलं होतंस का?"

आई ओलं फडकं पिळत होती. ती म्हणाली, "मला नाही ठाऊक. आम्ही दोघी रोज एकाच चुलीवर रांधत होतो. त्यात हे बघायला सवडच झाली नाही."